गॅस खंय गेलो?

१ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकच्या चालकाच्या केबिनमध्ये एसी असलाच पाहिजे, असा नियम केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०२३ मध्ये काढला. एप्रिल-मे महिन्यात डिझेल इंजिनाच्या मागे बसून दहा-बारा तास ज्याने गाडी हाकली आहे, त्याला या नियमाचं मोल वेगळं सांगायला नको. पण नियमाची रेघ साडेतीन टनांवर ओढलेली आहे. गाडीचं मालासकट वजन त्याच्या वर जात असेल तर एसी सक्तीचा. खाली असेल तर घेणाऱ्याची मर्जी. आणि आंब्याच्या दिवसांत देवगड तालुक्यातल्या अंतर्गत रस्त्यांवर जे धावतं, त्यातलं बहुतेक या रेघेच्या खालचं असतं. कुणकेश्वर, मिठबाव, तांबळडेग या पट्ट्यातल्या कातळावरच्या बागांतून हापूसच्या पेट्या उचलायच्या, बंदरातून मासळी न्यायची, परत येताना खत आणि पुठ्ठ्याचे बॉक्स आणायचे, ही सगळी कामं पिकअपची.

यातल्या काही गाड्यांना एसी आहे. पुढे-मागे दोन्हीकडे माणसं बसतात अशा डबल केबिनच्या काही पिकअपना तो कंपनीतूनच आलेला असतो. पण गाडी पंधरा वर्षांची झाली की डॅशबोर्डवरचं ते बटण कुणी दाबत नाही. काचा खाली करतात, खांद्यावर टॉवेल टाकतात आणि नांदगाव तिठ्याच्या दिशेने निघतात. ‘जुनी गाडी, एसी गेला’ हे शब्द एकामागोमाग इतके सहज येतात, की एसी नेमका कशाने गेला हे विचारायचं राहून जातं. ते विचारलं तर काय निघतं, हे मला या उन्हाळ्यात एका गाडीमागे फिरून बघायला मिळालं.

गाडी कुणकेश्वरातल्या एका बागायतदार काकांची. घर देवळापासून फार लांब नाही. कुणकेश्वराचं देऊळ अगदी समुद्राच्या काठावर आहे. भरतीला लाटा देवळाच्या आवाराच्या भिंतीपर्यंत येतात आणि वारा सुटला की खाऱ्या पाण्याचे तुषार रस्त्यापर्यंत उडतात. महाशिवरात्रीच्या जत्रेला येणाऱ्याला ही हवा सुखाची वाटते. अंगणात बारा महिने उभ्या असलेल्या गाडीला मात्र ती हळूहळू खाते. पत्र्याचा गंज डोळ्यांना दिसतो. एसीचा कंडेन्सर असतो पुढच्या जाळीमागे, रेडिएटरच्याही पुढे, म्हणजे गाडीच्या अगदी तोंडावर. त्याच्या ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांवर मिठाचा थर बसतो, त्यात जांभ्याची लाल धूळ मिसळते, आणि वर्षानुवर्षांनी धातूची पांढरी भुकटी व्हायला लागते. हे बघायला कुणी जाळी काढत नाही.

या गाडीचा पूर्वेतिहास असा. तीन उन्हाळ्यांमागे थंडावा कमी झाला म्हणून गॅस भरला. त्यावर तो सगळा हंगाम गेला. पुढच्या वर्षी भरलेला गॅस मे महिना उजाडेपर्यंत टिकला. गेल्या वर्षीचा आठवड्याभरातच गेला. यंदा एसी सुरूच होईना. दोन ठिकाणी दाखवल्यावर दोन्हीकडे एकच उत्तर आलं : कॉम्प्रेसर गेला, नवा टाका. नव्या कॉम्प्रेसरची किंमत ऐकून काकांनी नाद सोडला होता. मुलाने मात्र हट्ट धरला आणि गाडी कणकवलीत एका मिस्त्रींकडे नेली. हे मिस्त्री गाड्यांच्या एसीचंच काम करतात. आयटीआयमधला रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा ट्रेड करून त्यांनी आधी काही वर्षं बर्फाच्या कारखान्यात काढली, मग ते गाड्यांकडे वळले. काकांनी गाडीतून उतरता उतरताच सांगून टाकलं, गॅस भरून बघा, चालला तर चालला. त्यावर ते एवढंच म्हणाले, “काकानू, गॅस खंय गेलो तां आधी बघूया. भरूचो तो मगे.”

माझ्या मते या कामातलं सगळं शहाणपण या प्रश्नात आहे. गाडीत डिझेल जळतं, ऑइल थोडंथोडं उडतं, ब्रेकचे लायनर झिजतात. एसीतला गॅस यातलं काही करत नाही. माठातलं पाणी बाहेर पाझरून सुकताना आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जातं, तेच तत्त्व इथे आहे; फरक एवढा की माठातून सुकलेलं पाणी हवेत जातं आणि एसीतला गॅस बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो. साध्या हवेच्या दाबाला हा आर-१३४ए उणे २६ अंशांना उकळतो. डॅशबोर्डच्या आत जी कूलिंग कॉइल असते, तिच्यात तो कमी दाबाखाली उकळून वाफ होतो आणि केबिनमधली उष्णता शोषतो. कॉम्प्रेसर ती वाफ ओढून दाबतो, पुढच्या कंडेन्सरमध्ये ती उष्णता बाहेर टाकून पुन्हा पातळ होते, ड्रायरमधून गाळून एक्स्पान्शन वॉल्व्हच्या बारीक भोकातून परत कॉइलमध्ये शिरते. यात संपण्यासारखं काही नाही. रबरी पाइपांतून आणि कॉम्प्रेसरच्या शाफ्टच्या सीलमधून वर्षाला काही ग्रॅम झिरपतो, तेवढाच. आठवड्यात अर्धा किलो गॅस गेला याचा अर्थ कुठेतरी भोक आहे, आणि भोक न शोधता वरून गॅस ओतणं म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे हवेत सोडणं.

तरीही हेच सर्वत्र चालतं. याला एकटे मिस्त्री जबाबदार नाहीत. गॅसचा डबा दिसतो, त्याचे पैसे द्यायला आपण तयार असतो. कुणी चार तास गाडीखाली झोपून गळती शोधली तर त्या वेळेचे पैसे द्यायला आपल्याला जिवावर येतं. मग गॅरेजवालाही जे खपतं तेच विकतो. निदानाची मजुरी वेगळी मागणाऱ्याकडे गाडी न्यावी आणि ती मजुरी घासाघीस न करता द्यावी, असं मला मनापासून वाटतं.

मिस्त्रींनी पहिला बराच वेळ गेज हातातच घेतली नाहीत. बॉनेट उघडून बॅटरी घेऊन नुसतं बघत होते. पट्टा ठीक होता. इंजिन सुरू करून मुलाला एसीचं बटण दाबायला सांगितलं आणि कॉम्प्रेसरजवळ कान दिला. बटण दाबलं की मॅग्नेट क्लचचा ‘टक्’ असा आवाज यायला हवा, इंजिनाचा सूर किंचित खाली बसायला हवा. काहीच झालं नाही. मग त्यांचा हात ड्रायरजवळच्या प्रेशर स्विचकडे गेला आणि तिथे थांबला. स्विचचा सॉकेट काढून त्याच्या दोन टोकांना वायरचा एक तुकडा जोडून वर टेप गुंडाळलेली होती.

हा तुकडा गेल्या उन्हाळ्यात कुणीतरी लावलेला. गॅस एका पातळीखाली गेला की हा स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. कारण कॉम्प्रेसरचं वंगण गॅसबरोबरच नळ्यांतून फिरत असतं. गॅस नाही म्हणजे तेल परत येत नाही आणि कॉम्प्रेसर कोरडा घासतो. दाब धोक्याच्या बाहेर वाढला तरीही हाच स्विच तोडतो. म्हणजे स्विच बिघडला नव्हता, तो आपलं काम चोख करत होता आणि गॅस गळतोय हे सांगत होता. त्याचं तोंड बंद करून गाडी परत दिली गेली. मी या सगळ्या प्रकरणात जे काही पाहिलं त्यात मला सर्वांत जास्त राग आला तो या दोन इंच वायरचा. गॅस भरणं हे निदान अर्धवट काम आहे. हे तर उघड नुकसान करणारं होतं.

पण वायर जोडूनही यंदा क्लच ओढत नव्हता. इथेच आधीच्या दोघांनी कॉम्प्रेसर बाद ठरवला होता. टेस्ट लॅम्प लावला तर क्लचच्या वायरवर दिवा छान पेटत होता. करंट येतोय, तरी क्लच ओढत नाही, म्हणजे कॉइल जळली, असा त्यांचा हिशेब. मिस्त्रींनी टेस्ट लॅम्प बाजूला ठेवून मल्टीमीटर घेतला. क्लचच्या कॉइलचा रोध मोजला तर चार ओहमच्या आसपास भरला, म्हणजे कॉइल धडधाकट. मग सॉकेट जोडलेलाच ठेवून, एसी चालू करून मोजलं. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ व्होल्ट होते. क्लचला मिळत होते जेमतेम आठ. उरलेले कुठे जातात ते शोधायला त्यांनी मीटरची एक सळई बॅटरीच्या निगेटिव्हला लावली आणि दुसरी क्लचच्या अर्थच्या वायरला. तिथे शून्याच्या जवळपास काहीतरी यायला हवं. आले जवळजवळ सहा.

अर्थची ती वायर एका आयलेटने ब्रॅकेटवर कसलेली होती आणि आयलेटखाली गंजाची पोळी तयार झाली होती. टेस्ट लॅम्पला करंट अगदी थोडा लागतो, गंजातूनही तो जाऊ शकतो, म्हणून दिवा पेटतो. क्लचच्या कॉइलला तीन-साडेतीन अँपिअर लागतात. एवढ्या करंटला गंजाचे तीन ओहम आडवे आले की अर्धा जोर तिथेच खर्च होतो आणि मॅग्नेट प्लेट ओढू शकत नाही. किनाऱ्यावरच्या गाड्यांमध्ये हे वारंवार होतं, फक्त एसीतच नाही. हेडलाइट मिणमिणते, हॉर्न घोगरा होतो, त्यामागेही पुष्कळदा असा खारा गंज असतो. पॉलिश पेपरने ब्रॅकेट घासून चकचकीत केला, आयलेट नवी लावली, वरून ग्रीस. बटण दाबल्यावर ‘टक्’ झालं. काकांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा थोडी उमेद दिसली. कॉम्प्रेसर फिरत होता. मिस्त्रींनी तो लगेच बंद केला, कारण गॅसशिवाय त्याला एक मिनिटही फिरवायचं नव्हतं.

आता गेज. निळा कमी दाबाच्या बाजूला, लाल जास्त दाबाच्या. गाडी बंद असताना दोन्हीकडे सारखाच दाब येतो आणि तो बाहेरच्या तापमानावर ठरतो. त्या दिवशी सावलीत ३२ अंश होते. त्या तापमानाला आर-१३४एचा दाब शंभर पीएसआयच्या थोडा वर असायला हवा. गेजवर पंचेचाळीस होते. इथे एक गोष्ट गाडीवाल्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. नळ्यांमध्ये पातळ गॅसचा एक थेंब जरी शिल्लक असेल, तोपर्यंत बंद गाडीचा दाब शंभरच राहतो. गॅस पूर्ण असो की अर्धा. म्हणून बंद गाडीला गेज लावून ‘गॅस फुल्ल आहे’ असं कुणी सांगितलं तर त्यावर विसंबू नये. उलट दाब एवढा खाली असेल तर मात्र निकाल पक्का : पातळ गॅस नावालाही उरलेला नाही, आहे ती नुसती वाफ.

गाडी चालू असताना या दोन काट्यांची जी बोली आहे, ती वर्षानुवर्षांच्या कामानेच कळते. कमी दाबाचा काटा तीसच्या आसपास आणि जास्त दाबाचा दोनशेच्या थोडा वर, ही साधारण निरोगी गाडी. आपल्याकडच्या उन्हाळ्यात दोन्ही यापेक्षा चढे असतात. कमी बाजूचा दाब चढलेला आणि जास्त बाजूचा उतरलेला, म्हणजे दोन्ही काटे एकमेकांकडे सरकलेले, तर कॉम्प्रेसर खरोखरच दमला आहे. दोन्ही भलतेच चढले असतील तर गॅस जास्त भरलाय, किंवा आत हवा शिरलीय, किंवा कंडेन्सरवरचा पंखा फिरत नाही. अशी गाडी रस्त्यावर धावताना थंड करते आणि फाटकात थांबली की गरम वारा सोडते. कमी बाजू शून्याखाली ओढली जात असेल तर वाटेत कुठेतरी बुच बसलंय, बहुधा एक्स्पान्शन वॉल्व्हमध्ये. आत पाण्याचा अंश असेल तर आणखी विचित्र खेळ होतो : पाऊण तास गार हवा, मग एकदम बंद, दहा मिनिटांनी परत गार. वॉल्व्हच्या भोकात बर्फाचा कण धरतो आणि विरघळतो. चालकाने नुसतं ‘थंड करणा नाय’ एवढं न सांगता कधी करत नाही, किती वेळाने, चढाला की उभ्या गाडीत, हे सांगितलं तर मिस्त्रींचं निम्मं काम तिथेच होतं.

गळती शोधायला त्यांनी नायट्रोजन भरला, दीडशे पीएसआयपर्यंत. काही ठिकाणी यासाठी टायरच्या कॉम्प्रेसरची हवा वापरतात. किनाऱ्यावरची ओली हवा आत कोंडून घेण्याचा याहून सोपा मार्ग नाही. ऑक्सिजनचा सिलिंडर तर या कामाच्या आसपासही नसावा, तेलाशी गाठ पडली की त्याचा भडका उडतो. नायट्रोजन कोरडा आणि स्वस्त. दाब भरून काटा कुठे आहे ते खुणेने लिहून ठेवलं आणि साबणाचा फेस घेऊन एकेक जोड बघायला लागले. त्याआधी त्यांची नजर तेलाच्या डागांवर होती. गॅस जिथून जातो तिथून थोडं तेलही बाहेर येतं आणि त्यावर धूळ चिकटते. आपल्याकडची धूळ लाल, त्यामुळे डाग लगेच उठून दिसतो.

कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे तो रबरी गुटक्यावर टेकतो, तिथे असा डाग होता. गुटका सरकवल्यावर आत मीठ, माती आणि कुजलेल्या पानांचा चिखल बसलेला. फेस लावला आणि तांदळाएवढे बुडबुडे एकामागून एक उठायला लागले. दुसरी गळती बारीक होती, पाइपच्या जोडावर, कडक झालेल्या ओ-रिंगमधून. तेवढ्यावर काम थांबलं नाही. कूलिंग कॉइल डॅशबोर्डच्या आत असते, ती काढायची तर अख्खा डॅशबोर्ड सोडवावा लागतो आणि दिवस जातो. आधी त्यांनी केबिनच्या खालची पाण्याची नळी शोधली, तिच्या तोंडाला फेस लावून वाट पाहिली. तोंडावर एकही बुडबुडा धरला नाही. कॉइल चांगली निघाली, हे त्या दिवसाचं सर्वांत मोठं नशीब.

या टप्प्यावर काकांनी विचारलं, गळती बंद करणारं औषध मिळतं म्हणे, ते घालून भागणार नाही का. असे डबे मिळतात खरे. पण भोक बुजवणारा तो चिकट द्रव एक्स्पान्शन वॉल्व्हचंही भोक बुजवू शकतो, आणि पुढच्या मिस्त्रींच्या यंत्रालाही लागतो. काही जण आर-१३४ए महाग म्हणून त्या जागी स्वयंपाकाचा गॅस भरतात. तो थंड करतो, उत्तम करतो; पण ज्वलनशील वायू कूलिंग कॉइलमधून केबिनमध्ये गळला तर आतल्या माणसांचं काय होईल याचा विचार करवत नाही. डब्यावर लिहिलेलं नाव आणि आतला माल एकच असेल याचीही खात्री हवी. २०११ मध्ये व्हिएतनाममध्ये दुरुस्त झालेल्या जहाजी रेफ्रिजरेटेड कंटेनरमध्ये स्फोट होऊन कामगार दगावले होते. तपासात निघालं ते असं, की आर-१३४ए म्हणून भरलेल्या गॅसमध्ये मिथाइल क्लोराइडची भेसळ होती आणि तिची ॲल्युमिनियमशी क्रिया होऊन हवेत आपोआप पेट घेणारी संयुगं तयार झाली होती. गाड्यांचा कंडेन्सरही ॲल्युमिनियमचाच. ओळखीच्या दुकानातून, सीलबंद, बिलासकट गॅस घ्यावा, यात कंजूषपणा नको.

कंडेन्सर नवा मागवला. जोडांच्या सगळ्या ओ-रिंगा बदलल्या, गळणारीच तेवढी नाही. ड्रायर बदलायला काका राजी नव्हते. तो काही गळत नव्हता. पण ड्रायरच्या आत पाणी शोषणारे मणी असतात, आणि महिनोन्‌महिने भोक पडलेल्या यंत्रणेत ते कधीच तुडुंब झालेले असतात. यंत्रणा उघडली की ड्रायर बदलायचा, यावर मिस्त्री ठाम राहिले. कॉम्प्रेसर सोडवून आतलं तेल काचेच्या बरणीत ओतून उजेडात धरलं. रंग काळपट झाला होता. पण त्यात धातूची चमक नव्हती. कोरडं फिरूनही तो वाचला होता. जुनं तेल मोजून तेवढंच नवं भरलं. हे तेलही हवेतला ओलावा झपाट्याने पितं, म्हणून त्याची बाटली उघडून कोपऱ्यात ठेवलेली दिसली तर त्या गॅरेजमधून गाडी परत न्यावी.

मग व्हॅक्यूम पंप. घाईच्या दिवसांत सगळ्यात आधी काट मारली जाते ती याच कामावर. पंप आतली हवा तर काढतोच, पण त्याचं खरं काम पाणी काढणं. हवेचा दाब जितका कमी तितकं पाणी लवकर उकळतं. गेजवर २९ इंच व्हॅक्यूम आला की ते पंचवीस अंशांच्या आसपासच उकळतं आणि वाफ होऊन निघून जातं. यासाठी वेळ द्यावा लागतो. इथे पंप तासभर चालू होता. नंतर वॉल्व्ह बंद करून अर्धा तास काटा हलतो का ते पाहिलं. हलला नाही. शेवटी वजनकाट्यावर डबा ठेवून, कंपनीच्या पुस्तकात दिलेलं वजन बघून, तेवढाच गॅस सोडला. बॉनेटखालची गॅसचं वजन लिहिलेली पट्टी कोरी झाली होती, म्हणून पुस्तक शोधावं लागलं. हाताला पाइप गार लागला की भरणं थांबवायचं, ही रीत त्यांना मान्य नाही. आणि स्विचवरची ती वायर काढून सॉकेट पूर्ववत बसवला.

काटे नीट बोलू लागले. पण डॅशबोर्डवरच्या जाळीत खुपसलेला थर्मामीटर सोळा अंशांवर अडला. काकांचे एक नातेवाईक सोलापूरला, त्यांच्या गाडीत सात-आठ येतात, असं मुलाने सांगितलं. त्यावर मिस्त्रींनी दिलेलं उत्तर ऐकून मी घरी येऊन हिशेब मांडून पाहिला, तो असा. सोलापूरची चाळीस अंशांची कोरडी हवा घेतली, सापेक्ष आर्द्रता वीस टक्के, तर एक किलो हवेत साधारण नऊ ग्रॅम पाणी असतं. कुणकेश्वरची तेहतीस अंशांची, सत्तर टक्के आर्द्रतेची हवा घेतली तर बावीस ग्रॅमच्या वर. दोन्ही बारा अंशांपर्यंत गार करायच्या तर कोकणातल्या हवेतून जवळपास दुप्पट उष्णता काढावी लागते, कारण आधी त्यातलं बरंचसं पाणी कॉइलवर धरून खाली गाळावं लागतं. थर्मामीटर सात अंश कमी दाखवत असतानाही आपली हवा अधिक जड असते. म्हणून देशावरच्या गाडीचा आकडा घेऊन किनाऱ्यावरच्या एसीला नापास करू नये. इथे एसी कामाला लागला की नाही हे बघायचं तर गाडीखाली पडणारं पाणी बघावं. आपल्या दिवसांत ते धारेने पडायला हवं.

विलिस कॅरियर या अमेरिकी इंजिनिअरने १९०२ साली ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी पहिली आधुनिक वातानुकूलन यंत्रणा आखली, ती माणसांना गारवा मिळावा म्हणून नव्हे. दमट हवेने कागद फुगायचा, आकसायचा आणि रंगीत छपाईत एका रंगावर दुसरा रंग नेमका बसायचा नाही. हवेतलं पाणी काढणं हेच त्या यंत्राचं मूळ काम होतं. गाडीत एसी आला तो बराच नंतर, अमेरिकेत पॅकार्डच्या १९४० च्या मॉडेलपासून. कोकणात एसी विकत घेताना आणि दुरुस्त करताना त्याच्या या पहिल्या कामाची आठवण ठेवली पाहिजे.

मात्र मिस्त्री स्वतः सोळा अंशांवर समाधानी नव्हते. आर्द्रतेचा हिशेब धरूनही ते जास्त होते. त्यांनी आतली हवाच फिरवायची, की बाहेरची घ्यायची, हे ठरवणारा डॅशबोर्डवरचा दांडा हलवून पाहिला. दांडा सहज सरकत होता. अगदी फारच सहज. ग्लोव्ह बॉक्स काढून आत हात घातला तर दांड्याची केबल क्लिपमधून निसटलेली, आणि बाहेरच्या हवेची झडप सताड उघडी. म्हणजे कित्येक वर्षं हा एसी केबिन गार करत नव्हता, समुद्रावरून येणारी हवा एकसारखी सुकवत होता. झडपेच्या तोंडाशी आंब्याच्या पेट्यांतल्या पेंढ्याचा भुसा आणि सुकी पानं साठलेली. ती काढली, केबल क्लिपमध्ये बसवून तारेने आवळली. काचा वर करून, आतलीच हवा फिरवत दहा मिनिटं गाडी उभी ठेवली. थर्मामीटर अकरावर आला. या अखेरच्या दुरुस्तीला सामानाचा खर्च काहीच आला नाही.

एका गाडीत तीन मुख्य बिघाड होते : गंजलेला अर्थ, सडलेला कंडेन्सर, निसटलेली केबल. गॅस भरण्याने यातला एकही बरा होणार नव्हता, आणि ज्याला दोष दिला गेला तो कॉम्प्रेसर मात्र चांगला होता.

दर वर्षीच्या या भरण्याचा आणखी एक हिशेब आहे आणि तो गाडीच्या बाहेरचा आहे. जुन्या गाड्यांतला आर-१२ हा गॅस वातावरणातल्या ओझोनच्या थराला भोक पाडतो म्हणून १९८७ च्या माँट्रियल कराराने तो हद्दपार केला; भारत १९९२ मध्ये त्या करारात सामील झाला. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण उष्णता कोंडण्यात तो वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे चौदाशे पट आहे. अर्धा किलो गॅस उडून गेला तर सातशे किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं होतं. अडीचशे लिटरहून अधिक डिझेल जाळल्यावर तेवढा होतो. एका पिकअपने तीन उन्हाळ्यांत हे तीनदा केलं. २०१६ च्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली आहे. त्यानुसार अशा वायूंचा वापर २०२८ मध्ये गोठवायचा आणि २०३२ पासून पायरीपायरीने २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी खाली आणायचा आहे. आंब्याच्या झाडांना मोहोर कधी येतो आणि कधी जळतो, हे पाहणाऱ्या माणसांना हवामानाची गोष्ट परकी नाही. गाडीतून सुटणारा अर्धा किलो गॅस तिच्यातला एक लहान भाग आहे, आणि तो थांबवणं आपल्या हातात आहे.

गाडी परत देताना मिस्त्रींनी मुलाला एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली : पावसात एसी बंद ठेवू नको. शाफ्टचं सील तेलाने ओलं राहिलं तरच घट्ट बसतं. चार महिने कॉम्प्रेसर फिरला नाही की ते सुकतं आणि पुढच्या उन्हाळ्यात तिथून गळायला लागतं. आठवड्यातून एकदा दहा मिनिटं तरी तो फिरला पाहिजे. खरं तर कोकणात पावसाळ्यात त्याची गरज उन्हाळ्याइतकीच आहे. बाहेर धो धो पाऊस, काचा वर, आत चार भिजलेली माणसं. पाच मिनिटांत पुढची काच आतून धुक्याने भरते आणि चालक एका हाताने फडकं मारत दुसऱ्या हाताने वळण घेतो. फोंडाघाट उतरताना हे फार महागात पडू शकतं. एसीची कोरडी हवा काचेवर सोडली की ती बघता बघता स्वच्छ होते. साडेतीन टनांची रेघ आखणाऱ्यांनी उन्हाबरोबर या पावसाचाही विचार केला असता, तर पिकअप बाहेर राहिली नसती असं मला वाटतं.

कुणकेश्वरला परतल्यावर आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याच्या हलक्या फवाऱ्याने कंडेन्सर धुवायचा, असं ठरलं आहे. जोर लावून धुतलं तर पत्रे दुमडतात, म्हणून सर्व्हिस स्टेशनची पाण्याची बंदूक नाही. बागेतला नळ आणि रबरी पाइप पुरतो. भरलेल्या गॅसचं वजन आणि तारीख मिस्त्रींनी बॉनेटच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून दिली आहे, म्हणजे पुढे कुणाच्याही हातात गाडी गेली तरी त्याला अंदाजाने भरावं लागणार नाही. ब्लोअरचे पहिले तीन वेग अजून चालत नाहीत, फक्त चौथा चालतो. त्याचा रेझिस्टर जळला आहे. कणकवलीत तो मिळाला नाही, कोल्हापूरहून मागवला आहे.